जागा लाभत नाही म्हणजे नेमकं काय होतं?

प्रश्न : आमच्या सोसायटीसमोर, मुख्य रस्त्यापासून दोन वळणं आत, एका व्यापारी इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर पाच वर्षांत तीन पब उघडले आणि तिन्ही बंद पडले. पहिल्यात म्हणे इटालियन संगमरवर होता. दुसऱ्यात छताला जुन्या सायकली टांगलेल्या होत्या. तिसऱ्याचा तर अख्खा बार तांब्याने मढवलेला. नातीच्या वाढदिवसाला मीही जाऊन आलो. जेवण उत्तम, वाढणारी मुलं नम्र. तरी चाललं नाही. शेजारी म्हणतात, जागाच पनवती आहे. आमचे एक वास्तुशास्त्रवाले म्हणतात, दार नैर्ऋत्येला आहे. आता चौथा पब येतोय आणि माझा भाचा त्यात भागीदारी घ्यायची म्हणतोय. जागेला असा दोष खरंच असतो का?
– एक निवृत्त वाचक, बाणेर, पुणे

उत्तर : असतो. दाराच्या दिशेशी त्याचा संबंध नाही, एवढं सोडलं तर तुमच्या शेजाऱ्यांचं निदान बरोबर आहे.

आधी परमिट रूम आणि पब यांतला फरक पाहू. परमिट रूममध्ये माणूस ‘बसायला’ जातो. (या एका क्रियापदात मराठी माणसाने केवढा मोठा कार्यक्रम लपवलाय!) त्याला हवं ते त्याच्या ग्लासात आणि शेंगदाण्याच्या बशीत असतं. कोपऱ्यातलं टेबल, उजेड बेताचा, ओळखीचं कोणी भेटू नये ही मनोमन इच्छा. अशी जागा गल्लीत, जिन्याखाली, एसटी स्टँडमागे कुठेही चालते. उलट जरा आडोशाला असली तर बरंच. दहा माणसं असली तरी तिथे काही उणं वाटत नाही.

झकपक पबचं उलटं आहे. तिथली बिअर दोन गल्ल्या सोडून निम्म्या भावात मिळते, हे गिऱ्हाइकाला पक्कं ठाऊक असतं. तो वरचे पैसे मोजतो ते इतर गिऱ्हाइकांसाठी. कपडे करून आलेली माणसं, गलका, बारपाशी उभं राहायला जागा नाही, शेजारच्या टेबलावर कोणाचा तरी केक कापला जातोय. पबचा मालक गर्दी विकत असतो आणि ती त्याला गिऱ्हाइकांकडूनच आणवून घ्यावी लागते. म्हणून एकशेवीस खुर्च्यांच्या पबमध्ये दहा माणसं बसली की पंगत उठून गेल्यावरच्या मंगल कार्यालयासारखं वाटतं. संगमरवर जितका महागाचा तितकं ते रिकामपण जास्त डोळ्यांत येतं. साध्या जागेत ‘आज शांत आहे’ म्हणून चालतं, तांब्याच्या बारपुढे ‘हे चालत नाही वाटतं’ असंच मनात येतं आणि माणूस दुसऱ्यांदा येत नाही. सजावटीवर केलेला खर्च असा मालकाच्याच अंगावर येतो.

आता तुमच्या इमारतीचा तिसरा मजला घ्या. रस्त्यावरून जाणाऱ्याला आत किती माणसं आहेत ते दिसत नाही. खाण्यापिण्याची जागा माणूस बरेचदा आतली माणसं पाहूनच निवडतो. तळमजल्यावर काचेआडून दिसणारी पाच भरलेली टेबलं ही फुकटची जाहिरात असते. तिसऱ्या मजल्यावर जायचं तर लिफ्टची वाट पाहायची. तुम्ही लिहिलं नाहीत, पण अशा इमारतींत खाली दंतवैद्य, मध्ये कोचिंग क्लास आणि वर पब अशीच उतरंड असते. म्हणजे लिफ्टमध्ये एका बाजूला दाढ धरून उभा असलेला रुग्ण आणि दुसऱ्या बाजूला परफ्यूम मारून आलेलं जोडपं.

गल्लीचा प्रश्न याहून मोठा. पाच-सहा जणांच्या घोळक्यात कुठे जायचं हे शेवटी त्यातल्या मुली ठरवतात असं माझं निरीक्षण आहे, आणि त्यांचा हिशेब अगदी सरळ असतो : रात्री साडेबाराला बाहेर पडल्यावर गाडी दारापर्यंत येईल का? गल्लीत दिवे आहेत का? कोपऱ्यावर पानटपरीपाशी कोण उभं असतं? दोन वळणं आत म्हटल्यावर कॅबवाला मुख्य रस्त्यावर थांबून फोन करतो, ‘मॅडम, तुम्हीच बाहेर या.’ एकदा त्या अंधारातून तीनशे पावलं चालल्यावर पुढच्या वेळी त्या घोळक्याचं मत दुसऱ्या पबला पडतं. मालकाला यातलं काही कळत नाही. त्याच्या वहीत तक्रार नसते. इंटरनेटवर तर पाच तारे देऊन गेलेली असतात पोरं.

स्वतःची गाडी आणणाऱ्यांचं गणित वेगळं. मोटार वाहन कायद्याच्या १८५व्या कलमानुसार १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल सापडलं की गुन्हा. २०१९च्या दुरुस्तीनंतर पहिल्याच वेळी १० हजारांचा दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत तुरुंग किंवा दोन्ही. जिथून बाहेर पडायला एकच रस्ता आहे आणि त्याच्या तोंडाशी शनिवारी नाकाबंदी असते, असा पब गिऱ्हाईक दोनदाच पाहतो. एकदा येताना, एकदा जाताना.

तुम्ही म्हणाल, शनिवारी तर तिथे रांग असायची. असणारच. शनिवारी शहरातल्या सगळ्या चांगल्या जागा भरलेल्या असतात आणि उरलेली माणसं तुमच्या गल्लीत येतात. वाईट जागेची परीक्षा आठवड्याच्या मधल्या दिवसांत होते. आपल्याकडे त्यात देवांचीही वाटणी आहे : सोमवार शंकराचा, मंगळवार गणपतीचा, गुरुवार दत्ताचा. उरला बुधवार. शिवाय श्रावणाचा महिना, आषाढी एकादशी, अनंत चतुर्दशी, गांधी जयंती. गटारीला झालेल्या धंद्यावर श्रावण निघत नाही.

आकडे मांडून पाहू. हे माझे कल्पित आकडे आहेत, भाच्याने त्यात खरे घालावेत. समजा मुख्य रस्त्यावर महिना ९ लाख भाडं आहे आणि तुमच्या गल्लीत ४ लाख. मालक खूश, ५ लाख वाचले. सोमवार ते गुरुवार मुख्य रस्त्यावर रोज ७० माणसं येतात, गल्लीत २५. माणशी बिल १५०० रुपये. रोजचा फरक ४५ माणसांचा, म्हणजे ६७,५०० रुपयांचा. महिन्यात असे साधारण १७ दिवस, म्हणजे ११ लाख ४७ हजार ५००. त्यातून माल आणि स्वयंपाकघराचा खर्च वजा जाऊन ६० टक्के उरतात असं धरलं तर जवळजवळ ७ लाख हातचे गेले. पाच वाचवायला गेलेला माणूस सात घालवून बसला. शिवाय स्वयंपाकी, कॅप्टन, बाउन्सर आणि वीजबिल यांना मंगळवार आहे की शनिवार याच्याशी देणंघेणं नाही. परवान्याचं वार्षिक शुल्कही विक्री पाहून ठरत नाही. त्यातच परमिट रूममधल्या मद्यावरचा व्हॅट २०२३च्या नोव्हेंबरपासून ५ टक्क्यांवरून १० टक्क्यांवर गेलाय.

मग शहाणीसुरती माणसं अशी जागा घेतात तरी कशाला? चांगली जागा वाटते तितकी सहज मिळत नाही म्हणून. फर्ग्युसन रस्त्याचं उदाहरण घ्या. गर्दी बघाल तर संध्याकाळी पाय ठेवायला जागा नसते. पण त्या गर्दीचं वय काय? महाराष्ट्रात बिअर आणि वाइनसाठी २१ वर्षं पूर्ण लागतात, व्हिस्की-रमसाठी २५. कॉलेजच्या दारातली अठरा-एकोणीस वर्षांची गर्दी चहा, बनमस्का आणि डोसा यांची आहे. तिथे पब काढून दारावर वयाचे दाखले तपासायचे म्हणजे अर्ध्या लोकांना परत पाठवायचं, आणि न तपासायचे म्हणजे एक दिवस टाळं लावून घ्यायचं. शाळा, कॉलेजं, देवळं यांपासून ७५ मीटरांचं अंतरही परवान्यासाठी मोजलं जातं. पेठांमध्ये ७५ मीटरांच्या वर्तुळात देऊळ नाही अशी जागा शोधून दाखवणाऱ्याचा मी जाहीर सत्कार करीन. असं एकेक काट मारत गेलं की नकाशावर जे उरतं त्यात तुमची गल्ली येते.

चांगली जागा रातोरात वाईट होऊ शकते, हेही भाच्याला सांगा. १५ डिसेंबर २०१६ला सर्वोच्च न्यायालयाने राष्ट्रीय आणि राज्य महामार्गांपासून ५०० मीटरांच्या आत दारूविक्री नको असा आदेश दिला. १ एप्रिल २०१७पासून तो लागू झाला. आदल्याच दिवशी, वीस हजारांपर्यंत वस्तीच्या गावांसाठी ते अंतर २२० मीटर केलं गेलं. तोवर ‘हायवे टच’ ही हॉटेलवाल्यांची सगळ्यात आवडती जागा, आणि एका सकाळी तीच गळफास झाली. शहरातून जाणारा महामार्ग शहरातल्या रस्त्यासारखाच दिसतो, त्यामुळे कित्येकांना आपण महामार्गावर आहोत हे तेव्हाच कळलं. गुरुग्रामच्या सायबर हबमधले नावाजलेले पब त्यात सापडले. केरळात उत्तर परवूरच्या एका बारने तर कमाल केली. अंतर चालत जायच्या वाटेने मोजतात म्हणून त्याने दारापुढच्या मोकळ्या जागेत भिंती घालून नागमोडी वाट बांधली. बार जागचा हलला नाही, गिऱ्हाईक मात्र भूलभुलय्यातून फिरून पाचशे मीटर पुरे करू लागलं. पालिकांच्या हद्दीतल्या जागांना हा आदेश आडवा येत नाही असा खुलासा न्यायालयाने जुलै २०१७मध्ये केला, पण तीन-चार महिने भाडं भरत बंद राहणं सगळ्यांना झेपलं नाही.

आता तुमच्या सोसायटीकडे वळतो. खरं सांगा, पहिल्या दोन पबविरुद्ध तक्रार कोणी केली होती? तुम्ही केली असेल तर मी तुमच्या बाजूने आहे. २०००च्या ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी भागासाठी रात्रीची मर्यादा ४५ डेसिबल आहे, म्हणजे घरातल्या हलक्या बोलण्याइतकी. पबवाला म्हणतो, आम्ही काचा बंद ठेवतो. ठेवत असेलही. पण काच अडवते ती गाण्यातली वरची पट्टी. ढोलाचा खालचा ठोका, समजा ५० हर्ट्झचा, त्याच्या एका लाटेची लांबी जवळजवळ ७ मीटर असते. एवढी लांब लाट काच आणि विटांची भिंत फारशी जुमानत नाही. म्हणून तुम्हाला रात्री गाणं कोणतं चाललंय ते कळत नाही, फक्त ‘धब धब’ उशीपर्यंत येतं. हे थांबवायचं तर खोलीच्या आत खोली बांधावी लागते आणि तो खर्च तांबं-संगमरवरात दिसत नाही म्हणून कोणी करत नाही. मग पोलीस येतात, आवाज कमी होतो, आवाज कमी झाला की गर्दी कमी होते. ज्या पबच्या समोर शंभर बिऱ्हाडं झोपतात त्याची मध्यरात्र दहालाच होते. परवाना दीडपर्यंतचा असला म्हणून काय झालं!

वरच्या मजल्याचा एक धोका गमतीत सांगण्यासारखा नाही. २९ डिसेंबर २०१७च्या मध्यरात्री, साडेबाराच्या सुमाराला, मुंबईत लोअर परळच्या कमला मिल आवारातल्या गच्चीवरच्या पबना आग लागली आणि १४ माणसं गेली. कित्येकजण धुरातून वाट न सापडल्याने स्वच्छतागृहाकडे गेले होते. गिरण्या बंद पडल्यावर त्या आवारांत कचेऱ्या आल्या, कचेऱ्यांमागून पब आले. उंचावरून दिवे दिसणारी जागा म्हणून गच्चीला भाव आला. त्या आगीनंतर सगळीकडे तपासण्या झाल्या आणि गच्चीवरच्या, इमारतीच्या बाजूच्या मोकळ्या पट्टीतल्या कितीतरी शेड उतरल्या. तुमच्या इमारतीला खाली उतरायला दुसरा जिना आहे का, आणि त्यात सध्या कोणाचे खोके ठेवलेत, हे एकदा बघून या.

आडजागी चाललेल्या पबची उदाहरणं भाचा नक्की देईल, म्हणून आधीच सांगून ठेवतो. ‘ब्लू फ्रॉग’ २००७मध्ये लोअर परळच्या मथुरादास मिलच्या आवारात, गिरणीच्या जुन्या गोदामात उघडला. नव्या माणसाला दार सापडू नये अशी जागा. तरी अख्खी मुंबई तिथे गेली, कारण रोज रात्री चांगलं जिवंत संगीत ऐकायला शहरात दुसरीकडे जागा नव्हती. पुण्यात ‘डूलाली’ने २००९मध्ये देशातल्या सुरुवातीच्या मायक्रोब्रुअरींपैकी एक काढली ती थेट दक्षिण टोकाला, एका क्लब-हॉटेलात. तिथली ताजी बिअर दुसरीकडे मिळतच नव्हती, तेव्हा लोक गाड्या काढून गेले. पुढे ‘डूलाली’ मुंबईत आली ती अंधेरी, वांद्रे, खार अशा राहत्या वस्त्यांत, गिऱ्हाइकाच्या घराजवळ. ‘ब्लू फ्रॉग’ची ती जागा २०१६मध्ये बंद झाली. आडजागेला दुसरीकडे न मिळणारी एखादी गोष्ट लागते आणि ती तशी दुर्मीळ राहते तोवरच गाडी निघते. सायकली टांगणं त्यात बसत नाही. सायकली कोणीही टांगतं.

इंग्रज या बाबतीत आपल्यापेक्षा अनुभवी. जॉर्ज ऑर्वेलने १९४६मध्ये लंडनच्या ‘इव्हिनिंग स्टँडर्ड’मध्ये आपल्या आदर्श पबचं वर्णन लिहिलं. ‘द मून अंडर वॉटर’ त्याचं नाव. सगळ्यात आधी त्याने जागा सांगितली : बसथांब्यापासून दोन मिनिटांवर, पण आडरस्त्याला, म्हणजे धिंगाणा घालणाऱ्यांना सापडू नये. दोन मिनिटं, दोन वळणं नव्हेत. आणि लेखाच्या शेवटाकडे त्याने कबूल करून टाकलं की असा पब मुळात नाहीच.

एकटेपणा हाही जागेचाच दोष. अर्थशास्त्रज्ञ हॅरोल्ड हॉटेलिंग याने १९२९मध्येच दाखवलं होतं की एकाच मालाचे विक्रेते एकमेकांपासून लांब पळण्याऐवजी एकमेकांना चिकटतात. पुणेकराला हे सांगायला अमेरिकेतून कोणी यायला नको. आप्पा बळवंत चौकात पुस्तकं, लक्ष्मी रस्त्यावर साड्या, तसे बालेवाडीच्या हाय स्ट्रीटवर पब. एक भरलेला असला तर माणूस शेजारच्यात शिरतो, घरी परत जात नाही. शिवाय ती ओळ हिंजवडीहून परतणाऱ्यांच्या वाटेवर आहे. हिंजवडीत दिवसा हजारो माणसं असतात, पण संध्याकाळी प्रत्येकाला एकच घाई, वाहतूक तुंबायच्या आत निसटायची. ग्लास हातात घेतला जातो तो घराच्या अलीकडे. तुमच्या गल्लीत पब एकटाच. तिथे माणूस ठरवून आला तरच येणार आणि जागा मिळाली नाही तर त्याला दुसरा आसरा नाही.

आता पनवतीच्या मुख्य कोड्याकडे. पहिला बुडाल्यावर दुसरा, दुसरा बुडाल्यावर तिसरा पबच का आला? बँक का नाही, कपड्यांचं दुकान का नाही? कारण पहिल्याने जाताना मागे बरंच ठेवलं. धूर वर नेणारा डक्ट, थंड खोली, स्वयंपाकघरातली गटारं, जाडजूड वीजजोडणी, बारचा कट्टा. उखडून नेलं तर भंगाराचा भाव, ठेवून गेलं तर नव्याला आयतं. शिवाय एफएल-३ हा बारचा परवाना माणसाइतकाच जागेलाही चिकटलेला असतो. तो दुसरीकडे हलवायचा तर परवानगीचे हेलपाटे. म्हणून बुडालेला मालक म्हणतो, ‘सगळं तयार आहे, फक्त नाव बदला,’ आणि नव्या माणसाला वाटतं की आपण निम्म्या पैशांत पब मिळवला. स्वस्त पडण्याचं कारण तो विचारत नाही. विचारलं तर उत्तर मिळतं, ‘आधीच्याला धंदा कळत नव्हता.’ प्रत्येक बुडालेला असा पुढच्यासाठी सापळा लावून जातो. जागेचा मालक मात्र दर खेपेला डिपॉझिट आणि ११ महिन्यांचं भाडं खिशात घालतो. त्याला ती जागा चांगली लाभलेली आहे.

भाच्याला करार करू देऊ नका असं मी म्हणत नाही. पण त्याआधी त्याला एका मंगळवारी, शक्यतो पाऊस पडत असताना, रात्री साडेनऊला तुमच्या बाल्कनीत बसवा. हातात चहा द्या. गल्लीतून किती मोटारी आत येतात, त्यांतल्या किती वळून परत जातात, गाडी लावायला जागा शोधत कोण किती फेऱ्या मारतं, एकट्या चालत येणाऱ्या बाया किती दिसतात, हे सगळं कागदावर लिहायला सांगा. दहा वाजता इमारतीच्या वॉचमनला जाऊन विचारू दे की लिफ्ट रात्री किती वाजेपर्यंत चालू असते. मग दुसऱ्या दिवशी सकाळी सातला त्याच बाल्कनीत पुन्हा बसवा. माझा अंदाज आहे की तेव्हा ती गल्ली फिरायला निघालेल्या माणसांनी भरलेली असेल आणि खालच्या पार्किंगमध्ये एकही गाडी नसेल. डक्ट तयारच आहे. तळमजल्यावरचा गाळा मिळत असेल तर तिथे मिसळ चालेल.